आठल्येबाईंशी केलेला सौदा

बातमी आली तेव्हा माझा हात टॉवेलखाली होता. घोडेगावच्या बाजारात जनावराचा भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा हातात हात देतात, वरून टॉवेल टाकतात आणि आतल्या आत बोटं दाबून आकडा ठरवतात. भोवती दहा माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. त्या दिवशी एका म्हशीवरून असंच चाललं होतं. समोरचा अडून बसला होता, मीही सोडत नव्हतो, आणि तेवढ्यात चहाच्या टपरीचा मालक गर्दीतून वाट काढत आला. "भानुदासशेठ, घरून फोन हाय. पुन्याच्या बाई गेल्या म्हनं." मी हात काढून घेतला. चालू सौद्यातून हात काढणं म्हणजे समोरच्याच्या तोंडात मारण्यासारखंच. तो माणूस अजून माझ्याशी बोलत नाही. न बोलू दे.

गेल्या त्या डॉ. कुसुम आठल्ये. लहान मुलांचा मधुमेह, थायरॉइड, न वाढणारी उंची, असल्या आजारांच्या त्या डॉक्टर. राहायला पुण्याला, पण महिन्याच्या एका रविवारी एस.टी.ने नगरला यायच्या आणि एका ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातली मागची खोली उघडून बसायच्या. झोपेतच हृदय बंद पडलं म्हणतात. नंतर नगरला शोकसभा झाली. मोठमोठी माणसं बोलली. कुणी माऊली म्हणालं, कुणी देवमाणूस म्हणालं. मी दोनदा हात वर केला, तर वेळ संपली असं सांगून मला बसवलं. वर मागच्या रांगेतल्या एकाने मला ऐकू येईल अशा बेताने म्हटलं, "सोनईवाले अंत्यविधीला काही दिसले नाहीत." सोनईचा तिथे मी एकटाच होतो. म्हणून हे लिहायला बसलो. बाई माऊली वगैरे नव्हत्या. माझ्याइतक्याच तापट होत्या, आणि सौद्यात माझ्यापेक्षा पक्क्या होत्या. त्यांनी मला एकदा असं गुंडाळलं की ते मला त्या गेल्यानंतर कळलं. आणि त्या दिवशी मी पुण्याला का गेलो नाही, तेही सांगायचं आहे.

नव्वद साल उलटून एक-दोन वर्षं झाली असतील. माझी वैशाली दुसरीत होती. पोरगी सारखी पाणी पिऊ लागली. माठाजवळून हलेना. शाळेतून घरी आली की दप्तर खाली ठेवायच्या आधी तांब्या. जेवण तर पैलवानासारखं, आणि अंगावर मांस म्हणून नाही. मोठी झालेली पोर पुन्हा अंथरूण ओलं करायला लागली, आणि माझ्या बायकोने, जिजाने, एकदा मला दाखवलं की सकाळी त्या गोधडीला मुंग्या लागल्या आहेत. गावातल्या डॉक्टरांनी जंतावर औषध दिलं, मग कावीळ म्हणाले. एका दुपारी ती झोपली ती उठेचना. श्वास असा चालला होता जसा डोंगर चढून आलेल्या माणसाचा. जीपमध्ये घालून नगरला नेली. तिथे सांगितलं, साखर वाढली आहे. मी म्हणालो, अहो हा म्हाताऱ्या शेठजींचा आजार, सात-आठ वर्षांच्या पोरीला कसा होईल? पण झाला होता. मरता मरता वाचली, आणि घरी सोडताना तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, "पुण्याच्या आठल्येबाई येतात, त्यांना दाखवा. हे फक्त त्यांचंच काम आहे."

मी माणूस कसा आहे हे सांगितल्याशिवाय पुढची भेट कळायची नाही. लोकांची गुरं राखत मी मोठा झालो. मग बाजारात दलालाच्या मागे काठी घेऊन फिरलो, मग स्वतः दलाली केली, आता चार तालुक्यांत माझी जनावरं जातात. मला पहिला भाव कुणी सांगितला आणि मी तो मान्य केला, असं आयुष्यात घडलेलं नाही. तसाच बाईंपुढे जाऊन बसलो. बुटकी, रुंद बांध्याची बाई, जाड भिंगांचा चष्मा, सुती साडी, आणि आवाज फौजदाराचा. म्हणाल्या, "सकाळी एक इंजेक्शन, संध्याकाळी एक."

"दोन्ही मिळून एकच मोठं देऊन टाका की बाई. पोरीला दोनदा कशाला टोचायचं?"

"तुम्ही दोन वेळचं एकदाच जेवता का?"

"बरं, किती महिने?"

"महिने नाहीत. कायम."

मी उसळलो. म्हणालो, बाई, जनावर घेताना सुद्धा परतीची मुदत ठरते. कायम म्हणजे काय? माझ्या ओळखीचा एक वैदू आहे, तो मुळी देतो, सहा महिन्यांत बरं करतो. तसा त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. "त्या मुळीवर इंजेक्शन बंद केलेली मुलं माझ्याकडे आली होती, भानुदासराव. त्यांचे वडीलही तुमच्यासारखेच बोलत होते." त्या मुलांचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. त्या गप्प बसण्यातच मी पहिला सौदा हरलो.

वस्तीवर तेव्हा फ्रिज नव्हता आणि वीज असून नसल्यासारखी. औषध तर गार ठेवायला हवं. बाईंनी जिजाला समजावलं, नवा माठ आणा, त्यात ओली वाळू भरा, डबीत बाटली ठेवून डबी वाळूत पुरा, माठ सावलीत ठेवा, वाळू सुकू देऊ नका. जिजाने तो माठ देव्हाऱ्याशेजारी ठेवला. सुई टोचायचा सराव मोसंबीवर करायचा होता. मारक्या बैलाची शिंगं धरणारा मी, पण त्या मोसंबीत घालताना सुई दोनदा वाकडी केली. जिजाने माझ्या हातातून सुई घेतली आणि म्हणाली, "तुमी बाजाराला जा. हे माजं काम हाय." रोज सकाळी एका काचेच्या नळीत निळं औषध घेऊन त्यात पोरीच्या लघवीचे थेंब टाकायचे आणि चुलीवर तापवायचं. निळं राहिलं तर साखर नाही, म्हणजे उत्तम, हिरवं झालं तर ठीक, आणि विटकरी झालं की माझं डोकं फिरलं. "काय खाल्लंस? कुनी दिलं? बोल!" पोरगी म्हणायची, "काय न्हाई खाल्लं आण्णा." रंग एक सांगायचा, पोरगी दुसरंच.

बाईंच्या खोलीबाहेरच्या ओट्यावर आमच्यासारखे आठ-दहा आई-बाप बसलेले असायचे. त्यात खर्ड्याकडचा आश्रुबा होता. ऊसतोडीला बायको, बैलगाडी आणि मुक्ता नावाची मुलगी घेऊन कारखान्यावर आलेला. मुक्ता वैशालीच्या वयाची, पण दिसायला चार वर्षांची. बोलणं जड, नजर मंद. गावात तिला सगळे खुळी म्हणायचे. बाईंनी तिचा गळा चाचपला, रक्त तपासलं आणि रोजची एक बारीक गोळी दिली. थायरॉइड. पुढच्या हंगामात आला तेव्हा आश्रुबा सांगत होता, "लई वटवट करती आता. आदी बोलत न्हाई म्हनून रडायचो, आता गप बस म्हनतो." हा आश्रुबा एकदा ओट्यावर मला म्हणाला, एक बैल काढायचा आहे. मी कशाला सोडतोय! खांद्यावरचा टॉवेल काढला, हात दिला आणि तिथेच सुरू झालो. आतून पेशंटला हाक गेली तरी आम्ही उठेना, तेव्हा बाई स्वतः बाहेर आल्या.

"हे काय चाललंय माझ्या दारात?"

आश्रुबा लाजून हात ओढायला लागला. मी म्हणालो, बैलाचा भाव. बाईंना वाटलं थट्टा करतोय. मग त्यांनी आमच्या दोघांमध्ये बसून, टॉवेलखाली स्वतःचा हात घालून, सगळं समजून घेतलं. एक बोट धरलं म्हणजे काय, दोन म्हणजे काय, सगळा पंजा म्हणजे काय. "आणि बाकीच्यांना कळत नाही?" "न्हाई. म्हनून तर मानूस खरा आकडा सांगतो. चारचौघांत बोलला तर आब राखायला खोटं बोलंल." हे शेवटचं वाक्य आश्रुबाचं. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या आणि मग पेशंटला घेऊन आत गेल्या.

पुढच्या महिन्यात वैशालीला घेऊन गेलो तर टेबलावर एक स्वच्छ नॅपकिन. बोट टोचून साखर सांगणारं यंत्र तेव्हा बाईंकडेच होतं, पुण्याहून पर्समध्ये घालून आणायच्या. रक्ताचा थेंब घेण्याआधी त्यांनी नॅपकिनखाली पोरीचा हात धरला. "आपल्या अंगाला काय वाटतं ते बघ आणि सांग. शंभराच्या आत असेल तर एक बोट. दोनशेच्या आसपास तर दोन. फारच उतरली आहे असं वाटलं तर मूठ." पोरीने आधी माझ्याकडे पाहिलं. बाईंनी ते टिपलं आणि मला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसा."

"का? पोरगी माझी आहे."

"तुमच्या चेहऱ्यावर बाजारभाव लिहिलेला असतो. ती तो वाचून बोटं दाबते."

चार तालुक्यांत माझ्या चेहऱ्यावरून कुणाला काही कळलं असेल तर दाखवा! विद्या माझी, त्यांना शिकवली मी, आणि बाहेरही मीच. त्या दिवसापासून दर महिन्याला मी ओट्यावर आणि पोरगी आत. आतून हसण्याचे आवाज यायचे. घरी "काय न्हाई खाल्लं" म्हणणारी पोरगी तिथे सगळं सांगायची. मैत्रिणीच्या वाढदिवसाचा पेढा, आजोळी खाल्लेली जिलबी, शाळेत चुकवलेली मधल्या सुट्टीतली भाकरी. बाई तिला रागवायच्या नाहीत, औषध आणि जेवण कसं जुळवायचं ते शिकवायच्या. मी विचारलं, काय म्हणाली? तर म्हणायच्या, "आमच्यातलं आहे." हा राग माझ्या मनातून कधीच गेला नाही, आणि आता तर तो काढायला माणूसच उरलं नाही.

पण त्या बोटांचा उपयोग झाला, हे मला मान्य करावं लागतं. वैशाली सातवीत असताना मैदानावर कवायत चालली होती. ही रांगेतून बाहेर आली आणि खाली बसली. सर ओरडले, उठ. ही म्हणाली, "सर, माझी साखर उतरलीय," आणि फ्रॉकच्या खिशातली साखरेची पुडी तोंडात टाकली. सरांना वाटलं खोड्या करते आहे, त्यांनी मला बोलावून घेतलं. मी सरांशी भांडलो ते वेगळं, पण घरी येताना मी तिचा हात सोडला नाही. सुई घेऊन जेवण चुकलं की साखर फार उतरते आणि माणूस बेशुद्ध पडतो, हे मला ठाऊक होतं. ती आपल्या अंगातलं इतकं बारीक ओळखते, हे ठाऊक नव्हतं. कुठलंही जनावर मी दात बघून वय सांगतो. माझ्या पोरीच्या आत काय चाललं आहे ते मला बाहेरून कधीच दिसलं नाही.

दहावी झाली. गुण चांगले पडले, आणि पोरीने संगमनेरच्या कॉलेजात विज्ञानाला जायचं काढलं. म्हणजे वसतिगृहात राहायचं. मी नाही म्हणालो. तिथे माठाची वाळू कोण ओली ठेवणार? ही उठली नाही तर दार कोण वाजवणार? पोरगी रडून लाल. मी म्हणालो, माझ्या डोळ्यांसमोर राहील, जगेल, मला शिक्षण नको आणि काही नको. बाईंच्या पुढच्या रविवारी, पोरीची तपासणी झाल्यावर, त्यांनी पहिल्यांदाच तिला बाहेर बसवलं आणि मला आत घेतलं. दार लावलं. मला वाटलं भाषण देणार. त्यांनी टेबलावरचा नॅपकिन उचलला आणि हात पुढे केला.

"किती आठवड्यांनी घरी यायला हवी? सांगा."

मी एक बोट धरलं. त्यांनी माझी चार दाबली. मी पुन्हा एक. त्या तीन. चेहरा दगडाचा. बाजारातले भले भले इतकं ताणत नाहीत. शेवटी दोनवर आलो, पंधरवड्याला एकदा. पण मी हात सोडला नाही. म्हणालो, "बाई, हिला तिथं काही झालं तर मी कुणाला धरायचं?"

"मला धरा."

"शब्द?"

"शब्द."

टॉवेलखाली दिलेला शब्द आमच्यात मोडत नाहीत. मी हात सोडला आणि पोरगी संगमनेरला गेली. दीड-दोन वर्षं पंधरवड्याला एकदा येत राहिली, मध्ये एकदा तापाने फणफणली तेव्हा बाई पुण्याहून स्वतः तिथे जाऊन आल्या. सौदा चोख पाळला.

आता टपरीवरच्या त्या निरोपाकडे येतो. बाई गेल्या हे ऐकल्यावर मी रडलो नाही. चिडलो. ज्या माणसाला धरायचं ठरलं होतं ते माणूस शब्द टाकून निघून गेलं. आणि एक पार्टी गेली की सौदा मोडला, बाजाराचा हिशेब सरळ आहे. लोक पुण्याला जायला गाड्या शोधत होते, मी जीप केली ती संगमनेरची. वाटेत राहुरी, लोणी कधी मागे पडली कळलं नाही. एकच ठरवलं होतं, पोरीची पेटी भरायची आणि घरी आणायची. बारावी राहिली तर राहिली.

पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. वसतिगृहाच्या खानावळीत वैशाली एकटी जेवत बसली होती. समोर भाकरी, उसळ, कांदा. डोळे सुजलेले. तिला दुपारीच कळलं होतं. मला पाहून उठली नाही. मी समोरच्या बाकावर बसलो. म्हणालो, "पोरी..." तर तिने घास चावता चावता हाताने थांब अशी खूण केली. "आण्णा, सुई घेतलीय मी. आदी जेवते. मग रडते."

मी बाजारात मारामाऱ्या पाहिल्या आहेत, माणसं मेलेली पाहिली आहेत. पण त्या बाकावर बसून पोरीला भाकरी संपवताना पाहणं... तिला एक घास गिळवत नव्हता. पाण्याबरोबर ढकलत होती. ताट पूर्ण संपवलं, उठून धुतलं, जागेवर ठेवलं. मग माझ्याशेजारी येऊन बसली आणि रडली ती अशी रडली की आतून स्वयंपाकाच्या मावशी धावत आल्या.

थोडी शांत झाल्यावर मी म्हणालो, "पेटी भर. बाई गेल्या, सौदा संपला. आता तुझं मी कुणाला धरू?"

"सौदा बाईंशी कुटं झाला हुता, आण्णा?"

"म्हणजे? हातात हात देऊन शब्द दिला होता त्यांनी."

"त्याच्या आदल्या महिन्यात बाईंनी मला इचारलं हुतं. तुजी जबाबदारी तू घेशील का? नीट इचार करून सांग म्हनल्या. मी महिनाभर इचार केला आन हो म्हनले. मग त्या म्हनल्या, तुजे वडील तुज्या हातात हात देनार न्हाईत. म्हनून मी मदी हात घालते."

मला उठून उभंच राहावंसं वाटलं. तरुणपणातली दहा वर्षं मी दलाली केली आहे. दलालाचा हात मध्ये असतो, जनावर त्याचं नसतं. सौदा धन्याचा धन्याशी. दलाल मेला म्हणून झालेला व्यवहार मोडला असं कुठल्या बाजारात झालं आहे? बाईंनी माझीच विद्या माझ्यावर चालवली होती. 'मला धरा' म्हणाल्या तेव्हा चेहऱ्यावर एक रेष हलली नाही. मी समोरच्याला पार्टी समजून बसलो, आणि ती होती दलाल! खरी पार्टी बाहेर ओट्यावर वेणी कुरतडत बसली होती. इतक्या वर्षांत मला असं कुणी फसवलं नाही. बाई जिवंत असत्या तर दुसऱ्या दिवशी पुण्याला जाऊन त्यांच्या दारात भांडलो असतो. त्यांनी चष्मा पुसला असता आणि म्हणाल्या असत्या, "मग? तोटा झाला का?"

"तू हो म्हणालीस?" मी पोरीला विचारलं.

"व्हय."

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुमी नेलं असतं घरी."

नेलं असतं. खोटं कशाला बोलू? त्या वेळीही जीप दारात उभी होती आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. पेटी खाटेखाली होती, ओढली असती तर निघाली असती. मी पोरीकडे पाहिलं. तिने डोळे पुसले आणि सरळ माझ्याकडे पाहत बसली. ती माझ्या चेहऱ्यावर काही वाचत नव्हती. तिला जे ठरवायचं होतं ते ठरलेलं होतं. मी म्हणालो, "परीक्षा कधी आहे?" आणि बाहेर जाऊन ड्रायव्हरला हॉर्न थांबव म्हणून ओरडलो, जरा जास्तच जोरात.

मी एकटाच परत आलो. दुसऱ्या दिवशी पुण्याला पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार, म्हणून गेलो नाही. मागच्या रांगेतल्या त्या गृहस्थांना एवढं पुरे व्हावं.

एक गोष्ट मात्र घरात राहिली आहे. आमच्याकडे आधी बापे जेवतात, मग पोरं, शेवटी बाया. आमच्या आज्यापासून हेच. वैशालीला सुई सुरू झाल्यावर बाईंनी जिजाला बजावलं होतं की सुईनंतर पोरीचं ताट थांबता कामा नये, घरात पाहुणे असोत नाहीतर पंगत असो, पहिलं ताट तिचं. माझ्या आईने कुरकुर केली, भावकीतल्यांनी नावं ठेवली, मीही एक-दोनदा ताट लाथाडलं. जिजाने ऐकलं नाही. ठरल्या वेळी पहिलं ताट पोरीचंच पडायचं, आणि त्या वेळेला आमच्या घरात 'बाईंची येळ' असं नाव पडलं.

पोरगी संगमनेरला गेल्यावर हे आपोआप बंद होईल असं मला वाटलं होतं. झालं नाही. अजून रोज संध्याकाळी त्या वेळेला जिजा एक ताट वाढते, घरात जो असेल त्याच्यापुढे ठेवते. मी बाजारातून लवकर आलो तर माझ्यापुढे येतं. परवा मी म्हणालो, भूक नाही, आत्ताच भजी खाऊन आलोय.

"भुकेचं इचारलं का कुनी?" जिजा म्हणाली. "बाईंची येळ झाली. बसा."

मी चिडलो. बडबड केली. मग हात धुतले आणि पाटावर बसलो. या वेळेला संगमनेरला पोरगी जेवत असते.